सरळ झाल्यानंतर

मनुष्याने प्रयत्नपूर्वक जे चांगले संपादन केले ते जर बाहेरच्या आधारावाचून टिकत नसेल, तर ते त्याचे स्वतःचे झाले असे म्हणावे की नाही, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी निरनिराळ्या परिभाषेत शतकानुशतके चर्चिला आहे. परंतु अलीकडे तो माझ्यापुढे ज्या रूपाने उभा राहिला ते रूप इतके लहान आणि इतके नित्याच्या व्यवहारातले आहे, की त्याचा दर्शनशास्त्राशी काही संबंध असेल अशी शंकाही प्रथमदर्शनी कोणास येऊ नये. पोंभुर्ण्यातील आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या खालच्या दातांच्या पाठीमागे, जिभेच्या अंगास, एक बारीक तार चिकटवलेली आहे. दात वेडेवाकडे होते म्हणून तिने तारा लावून घेतल्या, त्यासाठी नागपूरच्या खेपा केल्या, दात ओळीत आले, बाहेरच्या तारा निघाल्या, घरच्यांनी पेढे वाटले. आणि त्यानंतर ही मागची तार बसवताना डॉक्टरांनी तिला बजावले की ही निघू देऊ नकोस, जमेल तितकी वर्षे, शक्य तर जन्मभर. ‘काकाजी, दात सरळ झाले ना? मंग ही तार जिंदगीभर कायले?’ असे तिने मला विचारले. तिला हवे होते ते वैद्यकीय उत्तर, आणि ते मी यथामती दिले. पण सरळपणा सिद्ध झाला आहे की तो केवळ रोखून धरलेला आहे, हा जो तिच्या प्रश्नाचा गाभा, तो वैद्यकाच्या कक्षेत मावणारा नव्हता.

पोंभुर्णा हा चंद्रपूर जिल्ह्यातील लहानसा तालुका. ताडोबाच्या रानातून येणारी अंधारी नदी या मुलुखात वैनगंगेकडे वाहत जाते, आणि वैनगंगेच्या पैलतीरी गडचिरोली जिल्ह्याचा अंमल सुरू होतो. धान, बांबू, तेंदू आणि मोह यांच्यावर पोट भरणाऱ्या या भागात दातांची रांग सुधारून घेणे ही गोष्ट एका पिढीपूर्वी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हती; आज ती काही घरांत तरी घडू लागली आहे, आणि तिच्याबरोबर, उपचार संपला तरी न संपणारी ही तारही गावात आली आहे. रिटेनर या नावाने डॉक्टर तिला ओळखतात. घरोघर तिला मागची तार एवढेच म्हणतात.

ही तार का लागते हे नीट समजून घेतल्यावाचून पुढचा विचार निराधार राहील, म्हणून थोडे शरीराविषयी. दात जबड्याच्या हाडाला थेट जडलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती तंतूंचे अत्यंत पातळ वेष्टन असते आणि त्या तंतूंनी तो हाडाच्या खाचेत तोलून धरलेला असतो. त्यावर सौम्य पण सतत दाब ठेवला की एका अंगाचे हाड झिजते, दुसऱ्या अंगास नवे हाड साचते, आणि दात नव्या जागी सरकतो. हाड ही नवी जागा पत्करते. मुळालगतचे तंतूही काही महिन्यांत तिच्याशी जुळवून घेतात. परंतु हिरडीच्या काठाशी, हाडाच्या वरच्या पातळीत जे तंतू असतात ते आपला जुना ताण फार सावकाश सोडतात. नॉर्वेतील काअरे रायटान यांनी कुत्र्यांच्या दातांवर जे प्रयोग केले, त्यांत फिरवून बसवलेल्या दातांभोवतीचे हे वरचे तंतू 232 दिवसांनंतरही ओढलेल्याच स्थितीत आढळले. वेळूची वाकडी काठी आमच्याकडचे बुरड आगीवर शेकून दाबतात आणि ती निवाली म्हणजे सरळच राहते, तिला पुढे कोणी धरून बसावे लागत नाही. दात त्या जातीचा नव्हे. तो जिवंत देहात उभा असतो, जीभ आतून आणि ओठ बाहेरून त्याला अष्टौप्रहर रेटीत असतात, आणि चावण्याचा भार त्यावर दररोज पडत असतो.

तार चिकटवण्याची विद्याही फार जुनी नाही. 1955 साली अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर यांनी असे दाखवून दिले की फॉस्फोरिक आम्लाने दाताचे एनॅमल, म्हणजे बाहेरचा कठीण थर, क्षणभर खरवडल्यासारखा केला, तर त्या सूक्ष्म खळग्यांत राळ शिरून घट्ट धरते. पुढे 1970 नंतरच्या दशकात ही युक्ती दातांच्या मागे तार बसवण्यासाठी उपयोगात आली, आणि ऑस्लोचे ब्योर्न झाख्रिसन यांनी अनेक पदरांची पिळलेली, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची, लवचिक तार प्रचारात आणली. एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत, मधल्या पटाशीच्या चार दातांमागून ती जाते आणि प्रत्येक दाताला राळेच्या एकेका ठिपक्याने जोडलेली असते. ती दात सरकवीत नाही. जिथे आणून ठेवले तिथे राहू देते, एवढेच तिचे काम.

आता ज्या शोधाने मी खरोखर विचारात पडलो तो सांगतो. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांचे सहकारी यांनी, ज्यांचे दात सरळ करून, काही काळ धरून ठेवून, मग तो आधार काढून घेतला होता अशा माणसांची दीर्घकाळ पाहणी केली. 1981 साली त्यांनी अशा 65 जणांचा वृत्तांत प्रसिद्ध केला : आधार काढून दहा वर्षे लोटल्यावर, खालच्या पुढच्या दातांची रांग समाधानकारक उरली होती ती तीस टक्क्यांहून कमी लोकांत. 1988 साली त्यांच्यापैकी काहींची वीस वर्षांनंतरची स्थिती त्यांनी पाहिली, तेव्हा हे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवर उतरले होते. पण याहूनही गंभीर अशी एक गोष्ट त्यांनी नमूद केली आहे. कोणाचे दात टिकतील आणि कोणाचे ढळतील हे आधी सांगता येईल असे एकही लक्षण त्यांना सापडले नाही. मूळ वाकडेपणाचा प्रकार, वय, स्त्रीपुरुषभेद, किती काळ धरून ठेवले होते ती मुदत, यांपैकी कशाचाही दाखला भविष्याविषयी उपयोगी पडला नाही.

हे वाचल्यावर सामान्य मनुष्याच्या मनात जो निष्कर्ष तत्काळ उमटतो तो असा, की वाकडेपणा हा दातांचा मूळ स्वभाव, सरळपणा हा त्यांच्यावर लादलेला उपरा संस्कार, आणि पहारा उठताच स्वभाव आपल्या घरी परततो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्ञानी मनुष्यही आपल्या प्रकृतीप्रमाणेच वागतो, तेथे निग्रहाचे काय चालणार, असा जो निराशेचा वाटावा असा विचार आला आहे, त्याला यात पुष्टी मिळाल्यासारखे भासते. पण हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे हे दंतशास्त्रच सांगते. ज्यांच्या दातांना कधीही तार लागली नाही, ज्यांची रांग तरुणपणी निसर्गतःच सुंदर होती, त्यांचेही खालचे पुढचे दात वय वाढते तसे दाटीवाटीने एकमेकांवर चढू लागतात. जबड्याची कमान वर्षानुवर्षे हळूहळू आखूड होत जाते. म्हणजे दातांना परत जाण्यासाठी असे कोणते मूळ घरच नाही. आधार काढल्यावर जे घडते ते सर्वस्वी स्वभावाचे पुनरागमन नव्हे. त्यातला बराच भाग काळाचे सर्वसाधारण वाहणे आहे, आणि ते वाहणे सुधारलेल्या व न सुधारलेल्या अशा दोघांनाही सारखेच लागू आहे. हे एकदा लक्षात आले म्हणजे धरून ठेवणे हा निसर्गावरचा जुलूम आहे हा आक्षेप आपोआप ढिला पडतो. ज्याला आपण निसर्गाची मर्जी म्हणतो ती पुष्कळदा केवळ दुर्लक्षाची दिशा असते.

अद्वैत वेदान्तात या प्रश्नावर एक मोठा वाद झाला आहे, आणि त्याची आठवण येथे अस्थानी होणार नाही. महावाक्याचे श्रवण झाले, आत्मस्वरूपाचे ज्ञान झाले. आता पुढे काही करावयाचे उरते काय? मंडनमिश्रांचे म्हणणे ‘ब्रह्मसिद्धी’त असे की उरते, शब्दाने ज्ञान झाले तरी अनादि काळच्या भ्रमाचे संस्कार बलवान असतात, म्हणून त्या ज्ञानाचे पुनःपुन्हा अनुसंधान ठेवले पाहिजे. सुरेश्वराचार्यांनी ‘नैष्कर्म्यसिद्धी’त याचे खंडन केले : दोरी ही दोरी म्हणून एकदा ओळखली की साप पुन्हा येत नाही, आणि ज्याला टिकवण्यासाठी सतत अभ्यास लागतो ते ज्ञान मुळात पुरते झालेच नव्हते असे समजावे. तर्काच्या दृष्टीने सुरेश्वरांची बाजू अधिक निर्दोष आहे यात मला संशय नाही. परंतु तर्क निर्दोष असूनही माणसांचा अनुभव त्याच्याशी जुळेना, म्हणूनच की काय, चौदाव्या शतकात विद्यारण्यांनी ‘जीवन्मुक्तिविवेक’ लिहिला, आणि त्यात जीवन्मुक्तीची जी पाच प्रयोजने सांगितली त्यांत अग्रस्थान ज्ञानरक्षेला दिले. झालेल्या ज्ञानाचेही रक्षण करावे लागते हे वेदान्तातील एका श्रेष्ठ आचार्याने इतक्या उघडपणे मान्य करावे ही मला फार धैर्याची गोष्ट वाटते. त्यांनी याज्ञवल्क्यांचेही उदाहरण टाळले नाही. जनकाच्या सभेत ज्या ब्रह्मवेत्त्याने सर्वांना निरुत्तर केले त्याच्याही ठिकाणी विद्येचा अभिमान आणि सभेतला प्रतिवादी शाकल्य याच्यावरचा कोप शिल्लक होता, सबब ज्ञान झाल्यानंतरही त्याला चित्ताच्या विश्रांतीसाठी संन्यास घ्यावा लागला, असे ते मांडतात. सरळ झाल्यानंतरचा काळ हा सरळ होण्याच्या काळाहून निराळा आणि अधिक लांब असतो, हे विद्यारण्यांना पक्के ठाऊक होते.

येथपर्यंत आल्यावर तारेचा भरवसा किती, हा प्रश्न पुढे येतो. कारण रक्षक नेमला म्हणून रक्षण झालेच असे होत नाही. नेदरलँड्समधील एका पाहणीत, अशी तार बसवलेल्या 221 जणांपैकी नव्वद टक्क्यांहून थोड्या अधिक लोकांचे दात पाच वर्षांनंतरही जसेच्या तसे आढळले. लिटल यांच्या आकड्यांशेजारी हा आकडा ठेवला म्हणजे तारेची योग्यता निर्विवाद ठरते. परंतु उरलेल्यांचे काय झाले, आणि पाचाच्या पुढच्या पंचवीस वर्षांत काय होते, यातच खरी शिकवण आहे. तार तुटते, राळेचा ठिपका सुटतो, कधी दोन्ही शाबूत असूनही दात हलतात. या तिन्ही प्रकारांकडे एकसारखे पाहून चालणार नाही.

तार तुटणे हे त्यांतले सर्वांत प्रामाणिक अपयश. जिभेला टोक बोचते, माणूस डॉक्टर गाठतो, आणि दुरुस्ती होते. ठिपका सुटणे याहून वाईट, कारण ते बहुधा कळतच नाही. सहा दातांना सहा ठिकाणी जोडलेल्या तारेचा एक सांधा निखळला तर उरलेले पाच तिला जागच्या जागी धरून ठेवतात. ती हलत नाही, टोचत नाही, आरशात दिसत नाही, आणि ज्या एका दाताचा आधार गेला तो मात्र महिन्यामहिन्याने ओळीबाहेर येत राहतो. याच्या उलट, जुन्या धर्तीची जाड तार फक्त दोन सुळ्यांनाच जोडलेली असते. तिचा एक सांधा सुटला की ती सबंध डुलू लागते आणि खोटेपणा तत्क्षणी उघडकीस येतो. पण ती मधल्या चार दातांना प्रत्यक्ष बांधीत नाही, म्हणून ती पूर्ण शाबूत असतानाही ते दात थोडेसे सरकू शकतात. एक व्यवस्था अधिक चांगले धरते पण आपले अपयश लपवते, दुसरी कमी धरते पण आपले अपयश जाहीर करते. यांपैकी कोणती अधिक विश्वासार्ह, याचे उत्तर तारेच्या जातीत नाही. ते, तिच्याकडे पाहणारे कोणी आहे की नाही, यावर अवलंबून आहे.

आमच्या मुलुखात पाहणी अधिकच अगत्याची आहे, याची दोन कारणे सांगितल्यावाचून राहवत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमहून अधिक असू नये, दुसरा स्रोत नसेल तर फार तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक आहे. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी बालपणी, दात घडण्याच्या वयात, पोटात गेले म्हणजे एनॅमलवर पांढरे, पिवळट किंवा तपकिरी डाग पडतात, आणि अशा एनॅमलचा पृष्ठभाग आम्लाला लवकर दाद देत नाही, त्यामुळे राळेची पकड कच्ची राहण्याचा धोका असतो. म्हणजे ज्या विहिरीचे पाणी आपण श्रद्धेने प्यालो, तिनेच आपल्या दातांवर बंध जडण्यास एक अडथळा निर्माण करून ठेवलेला असू शकतो. यात ते पाणी प्यालेल्या मुलाचा दोष काडीइतकाही नाही. दुसरे कारण खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला हा पदार्थ चंद्रपूर-गडचिरोलीत ज्या प्रमाणात चघळला जातो त्याची कल्पना बाहेरच्यांना येणार नाही. खालच्या पटाशीच्या दातांमागेच लाळेच्या मोठ्या ग्रंथींची मुखे उघडतात, म्हणून तेथे दगडासारखे कीट आधीच सर्वांत जास्त साचते. तार त्याला आणखी आसरा देते. सुपारीने पुढे तोंडच उघडेनासे झाले, तर तार तपासण्यासाठी डॉक्टरांचा हातही आत पोचत नाही. तारेचे आयुष्य मोजताना कंपनीच्या कागदावरची हमी पाहून उपयोग नाही; ज्या तोंडात ती राहणार आहे त्या तोंडाचा मुलूख पाहिला पाहिजे.

तिसरा प्रकार मात्र सर्वांत खोल आहे. 2007 साली नेदरलँड्समधील वैद्यांनी अशी काही उदाहरणे प्रसिद्ध केली, की ज्यांत तार तुटलेली नव्हती, एकही सांधा सुटलेला नव्हता, आणि तरीही शेजारशेजारचे दोन दात परस्परविरुद्ध दिशांना पिळवटत गेले होते किंवा सुळा बाहेर झुकला होता. म्हणजे उपचारापूर्वी जो वाकडेपणा कधी नव्हता तो, राखणीसाठी बसवलेल्या तारेनेच निर्माण केला होता. याची कारणमीमांसा अद्याप पूर्ण झालेली नाही. पण एक संभाव्य कारण अनेक जाणकार सांगतात. तार बसवताना ती दातांच्या आकाराला तंतोतंत वाकवून, कोणताही जोर न लावता टेकवली पाहिजे; ती थोडीशी दाबून, ओढून, जबरीने बसवली, तर तो दाब तिच्या पोटात राहतो, आणि पुढची कित्येक वर्षे ती मुकाट्याने दातांवर तो खर्च करीत बसते.

व्रतांविषयी मी जे काही पाहिले आहे त्यावर या एका वाक्याइतका प्रकाश दुसऱ्या कशाने पडला असेल असे मला वाटत नाही. भयापोटी घेतलेले व्रत, कोणावर तरी रोष धरून घेतलेली शपथ, घरच्यांच्या धाकाने गळ्यात घातलेली माळ, समाजाच्या तगाद्याने केलेला त्याग. यांपैकी पुष्कळ आयुष्यभर अभंग टिकतात, आणि टिकतात म्हणूनच बाहेरून पाहणारा त्यांची वाखाणणी करतो. परंतु ज्या ताणाने ते प्रथम बांधले गेले तो ताण आत राहिलेला असतो, आणि तो मनुष्याला अशा दिशेने पिळवटतो की जी त्याच्या मूळ दोषाचीही दिशा नव्हती. मद्य सोडलेला मनुष्य मुलांविषयी निष्ठुर होतो. उपवास कडकडीत पाळणारी बाई सुनेच्या ताटाकडे संशयाने पाहू लागते. व्रत मोडले असते तर निदान कळले असते. ते मोडले नाही. त्याने माणूस वाकडा केला.

याच्या उलट बाजूला मला चंद्रपुरातीलच एक प्रसंग दिसतो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास धम्मदीक्षा दिल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकर 16 ऑक्टोबरला चंद्रपुरास, त्या वेळच्या चांद्यास, आले आणि तेथेही त्यांनी लोकांना दीक्षा दिली. त्या दीक्षेत बावीस प्रतिज्ञा होत्या, आणि त्या कोणी कोणावर हुकूम म्हणून लादलेल्या नव्हत्या. शतकानुशतकांचा दाब झुगारून देणाऱ्या माणसांनी स्वतःच्या तोंडाने त्या उच्चारल्या. मला याहूनही महत्त्वाचे वाटते ते असे की ती गोष्ट एका दिवसात संपवून टाकली गेली नाही. त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ लोक दरवर्षी ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुन्हा जमतात; आणि बौद्ध घरांत व विहारांत प्रत्येक वंदनेच्या वेळी त्रिशरण आणि पंचशील नव्याने ग्रहण केले जाते. काल घेतलेले शील आजही पक्के आहे असे गृहीत धरले जात नाही, आणि ते ढळले असेलच असा आरोपही केला जात नाही. ते केवळ पुन्हा घेतले जाते.

बाहेरच्या बंधनाचा एक निराळा नमुनाही याच दोन जिल्ह्यांत पाहावयास मिळाला. गडचिरोलीत दारूबंदी 1993 पासून आहे. चंद्रपुरात बायकांच्या दीर्घ चळवळीनंतर ती 1 एप्रिल 2015 रोजी लागू झाली आणि 2021 साली उठवली गेली. वैनगंगेच्या दोन काठांवर दोन कायदे आहेत, नदीचे पाणी मात्र एकच आहे. बंदी उठवण्याच्या निर्णयाने मला दुःख झाले होते. कारण कायद्याचे अपयश ठिकठिकाणी दिसत होते हे खरे असले, तरी सुटलेल्या सांध्यावर उपाय म्हणजे तो सांधा पुन्हा जोडणे, सबंध तारच काढून टाकणे नव्हे.

प्राचीन धर्मसंस्थांना हे सांधे सुटण्याचे मर्म ठाऊक होते, याचा पुरावा त्यांच्या नियमांत नाही, नियमांच्या तपासणीसाठी त्यांनी जो बंदोबस्त केला त्यात आहे. भिक्खू दर पंधरवड्यास उपोसथाच्या दिवशी एकत्र जमून पातिमोक्खाचे, म्हणजे आपल्या नियमसंग्रहाचे, पठण करतात, आणि प्रत्येक नियमसमूहाच्या शेवटी, तुम्ही शुद्ध आहात ना, असे तीनदा विचारले जाते. जैनांचे प्रतिक्रमण, म्हणजे घडलेल्या दोषांची आलोचना, दिवसाचे आहे, रात्रीचे आहे, पंधरवड्याचे आहे, चार महिन्यांचे आहे, आणि वर्षाचेही आहे. जे एका जाळीतून निसटले ते पुढच्या जाळीत सापडावे अशीच ही रचना. आमच्या गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना लावून दिली, तीही एकत्र बसण्याची आहे. एकट्याने डोळे मिटून स्वतःची रुजुवात घेणारा मनुष्य स्वतःला फार लवकर निर्दोष ठरवतो. जीभ दिवसभर तारेवरून फिरत असते खरी, पण तिला त्या स्पर्शाची इतकी सवय जडते की सुटलेला ठिपकाही तिला पूर्वीसारखाच लागतो. पाहणारा दुसरा लागतो, आणि त्याच्या हाती आरसा लागतो.

या सर्व विवेचनाला एक जबरदस्त उत्तर आहे, आणि ते देणाऱ्याचे शरीरच आठ ठिकाणी वाकडे होते. अष्टावक्राला पाहून जनकाची सभा हसली, तेव्हा ही चामड्याची पारख करणाऱ्यांची सभा आहे असे तो म्हणाला, ही कथा प्रसिद्ध आहे. त्याच्या नावाने चालत आलेल्या गीतेत तर अभ्यास हेच बंधन, तू मुक्त होतासच, सरळ करावयाचे काही नव्हतेच, असे निर्भीड प्रतिपादन आहे. हा आवाज मला टाळता येत नाही. दात वाकडे असणे हे पाप नव्हे, आणि ज्या मुलाच्या बापाजवळ उपचाराचे पैसे नाहीत त्याचे हास्य रेषेत नसल्यामुळे कणभरही उणे ठरत नाही. या पोंभुर्ण्यात मी जी सर्वांत प्रसन्न मुखे पाहिली आहेत त्यांतली बहुतेक कोणत्याही तारेने बांधलेली नाहीत. परंतु अष्टावक्र बोलतो तो आत्म्याविषयी, आणि आत्मा काळात वावरत नाही. आचरण काळात वावरते. मैत्री, वचन, शील, आणि दात ही सर्व काळातली आहेत. जे काळाच्या बाहेर आहे त्याला रक्षक नको; जे काळात आहे त्याला रक्षक नाकारणे हे अद्वैत नव्हे, ती बेपर्वाई आहे.

मग त्या मुलीच्या प्रश्नामागची खंत उरते, की जन्मभर कशाला तरी टेकून राहावयाचे यात आपले कर्तृत्व काय उरले. या खंतीपुढे मला वैनगंगेपलीकडचे, चामोर्शी तालुक्यातले मार्कंड्याचे शिवमंदिर आठवते. तेथे नदी उत्तरेकडे वळते आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. ज्या मार्कंडेयाचे नाव त्या स्थानाला आहे त्याला सोळाच वर्षांचे आयुष्य होते; यमाचा पाश आला तेव्हा त्याने शिवलिंगाला मिठी मारली आणि तो वाचला. आपल्या परंपरेने या मुलाला दुर्बळ म्हटले नाही. त्याने युद्ध केले नाही, पळाला नाही, तप करून अमर झाला असेही नाही. त्याने धरून ठेवले, एवढीच त्याची कृती, आणि तीच चिरंजीवित्वास पुरली. धरून ठेवणे ही हीन दर्जाची साधना आहे हा जो समज आपण आधुनिक काळात, स्वयंपूर्णतेच्या हव्यासाने, करून घेतला आहे, तो त्या मंदिराच्या गाभाऱ्यात उभे राहिल्यावर टिकत नाही.

तरीही मिठी मारणाऱ्याला आपण काय धरतो आहोत हे माहीत असले पाहिजे, आणि येथे उपचार करणाऱ्यांकडे माझे एक आग्रहाचे मागणे आहे. तार जन्मभराची आहे ही गोष्ट शेवटच्या दिवशी सांगू नये. पहिल्या दिवशी, काही ठरण्यापूर्वी, सांगावी. उपचार दोन वर्षांचा असे समजून ज्याने कबुली दिली त्याला नंतर, राखण पन्नास वर्षांची, असे कळले, तर ती कबुली पुरी झाली असे मला म्हणता येत नाही; ती दबावाखाली बसवलेल्या तारेसारखी होते. त्याच दिवशी हेही सांगावे की कोणाला पुढे ही तार नको वाटली, हिरडीच्या आजाराने ती काढावी लागली, किंवा वाढत्या वयात थोडे वाकडेपण त्याने समजून पत्करले, तर त्यात कोणताही करार मोडला जात नाही. दात बहुधा सरकतील, किती आणि कसे हे कोणीही आधी सांगू शकणार नाही, आणि तो निर्णय त्याचा आहे. त्या मुलीला मी इतके सांगितले आहे की सहा-आठ महिन्यांनी एकदा कोणा जाणत्याकडून प्रत्येक ठिपका तपासून घ्यावा, एकही सुटलेला आढळला तर दोन-चार आठवड्यांत तो जोडून घ्यावा, आणि दरम्यान पानठेल्यावर कोणी खर्रा घोटताना दिसला तर तिकडे पाठ फिरवावी. पण तपासणीसाठी प्रत्येक वेळी चंद्रपूर किंवा नागपूर गाठणे धानाच्या हंगामात, मजुरी बुडवून, किती घरांना जमेल हा प्रश्न तसाच राहतो. तालुक्याच्या रुग्णालयात एक आरसा, एक दिवा आणि सुटलेला सांधा ओळखू शकणारा एक मनुष्य, एवढी सोय महिन्यातून एक दिवस झाली, तरी तिच्यासारख्या मुलांच्या पुष्कळ खेपा वाचतील.